पिकअपच्या टायरची नक्षी आणि आपली पाणंद



ऊस विकास अधिकाऱ्याने जाती, बेणे, खत-पाणी यांवर लिहावे. टायरवर लिहिण्याचा त्याला काय अधिकार, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याचे चुकत नाही. परंतु टायरचा प्रश्न आता दुकानातून निघून थेट उसाच्या सरीत आलेला आहे, आणि सरीत जे येते ते आमच्या खात्यात मोडते, असे आम्ही समजतो.

गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रात पिकअप गाड्या पुष्कळ झाल्या. चांगली गोष्ट आहे. सकाळी दूध, दुपारी खताच्या गोण्या, संध्याकाळी बाजारची वांगी-टोमॅटो, लागणीच्या दिवसांत बेणे नाहीतर रोपांचे ट्रे, ठिबकची बंडले, एवढी कामे ती एक गाडी करते. बैलजोडी सांभाळणे जमत नाही अशा घरात ती बैलाच्या जागी आली आहे. आमची तिच्याविषयी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती चाकांविषयी. कंपनीने दिलेले टायर चांगले असतानाच काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी मोठमोठ्या बटनांचे, रुंद खाचांचे, बाजूवरदेखील नक्षी उतरलेले टायर घालायचे, अशी एक लाट आली आहे. दुकानदार त्यांना ‘ऑल टेरेन’ म्हणतो, त्याहून दांडग्यांना ‘मड टेरेन’. गाडी दिसते मात्र झकास, यात वाद नाही.

आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पटत नाही त्याने पुढचे रागाने का होईना वाचावे. नदीकाठच्या मळीत आणि काळ्या रानात ज्यांची शेती आहे अशा बहुतेक सभासदांना या टायरचा उपयोग नाही. डोंगराकडच्या काही सभासदांना आहे. त्यांनी तो पारखून घ्यावा. आणि चिखलाचा जो खरा इलाज आहे तो टायरच्या दुकानात मिळत नसून पाणंदीत करावा लागतो.

ही लाट आली मोबाईलवरून. पोरं बघतात त्या चित्रफितींत अमेरिकेतल्या, ऑस्ट्रेलियातल्या पिकअप वाळूतून, खडकांवरून, बर्फातून सुसाट जाताना दिसतात. त्या खोट्या नाहीत. पण तो टायर तिथल्या जमिनीसाठी घडवलेला आहे. या टायरांवर पुष्कळदा ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. कंपनी आपल्या नक्षीच्या ठेवणीवरून ती अक्षरे स्वतःच घालते, त्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे दुसरे चिन्ह असते. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, पण ती बर्फावरची. पंचगंगेच्या काठी किंवा वारणेच्या काठी बर्फ पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सबब त्या चिन्हाचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

टायरला नक्षी कशासाठी असते ते आधी बघू. कोरड्या डांबरी रस्त्यावर पकड येते ती रबराची; मोटारींच्या शर्यतीत कोरड्या दिवशी गुळगुळीत टायरच घालतात. नक्षी लागते ती पाणी बाजूला काढायला आणि मातीत दात रोवायला. (म्हणून कोणी गुळगुळीत टायरवर गाडी फिरवू नये. पावसात तीच गाडी घसरते. खाचेच्या तळाशी जी उंचवट्याची खूण असते तिच्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत नक्षी आली की टायर संपला. कायदाही तेच सांगतो.)

आता आपली उसाची बैलगाडी आठवा. लाकडी चाक जाऊन तिला रबरी टायर आले, ते बहुतेक जुने, घासून गुळगुळीत झालेले. तरी गाडी रानातून निघते. का? कारण चाक स्वतः ओढत नाही, ते मागून फिरत येते. ओढणारा बैल आहे, आणि नक्षी म्हणाल तर ती बैलाच्या खुरात. ट्रॅक्टरचेही तसेच. पुढच्या चाकांना नुसत्या उभ्या कड्या असतात, वळण घ्यायला. मागच्या ओढणाऱ्या चाकांना मोठे तिरके दांडे. ट्रॉलीच्या टायरला दांडे नसतात. ओढणाऱ्या चाकाला दात हवेत, फिरणाऱ्याला नकोत. आपल्याकडच्या बहुसंख्य पिकअप मागच्या चाकांवर चालतात. तेव्हा पुढच्या दोन चाकांना डोंगरी बटने बसवून चिखलात काडीचा फायदा होत नाही. उलट डांबरी रस्त्यावर हँडल जड लागते आणि आवाज येतो तो वेगळाच.

मग मागच्या दोन चाकांना तरी बसवावीत का? इथे जमिनीचा प्रश्न येतो, आणि आमचे खाते सुरू होते.

आपल्या काळ्या रानात चिकणमातीचा भाग फार मोठा, निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. ती माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगा पडतात. फुगलेल्या अवस्थेत ती लोण्यासारखी निसरडी आणि गुळाच्या काकवीसारखी चिकट, दोन्ही एकदम. असल्या मातीत बटनाचा टायर पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच खाचा भरून घेतो. खाचा भरल्या की बाहेरून उरतो मातीचा गोल लगदा, आणि मग दोन हजारांचा टायर काय अन् दहा हजारांचा काय, फिरतो सारखाच. ट्रॅक्टरचा टायर हीच माती झाडून टाकतो, कारण त्याचे दांडे उंच अन् लांब-लांब, मांडणी तिरकी आणि आत हवा कमी. जमिनीला टेकताना तो दबतो, सुटताना ताणतो आणि माती फेकतो. पिकअपच्या मागच्या टायरमध्ये माल भरलेला असताना पन्नास पौंड किंवा त्याहून अधिक हवा असते. तो दगडासारखा ताठ. दबतच नाही तर झाडणार कुठून? चोपण रानाबद्दल तर बोलायलाच नको. तिथे पावसाळ्यात माणसाच्या पायातली चप्पल राहत नाही.

तांबड्या, मुरमाड, जांभ्या रानाची गोष्ट निराळी. ती माती रवाळ असते, पाणी धरून ठेवत नाही, खाचेत शिरते तशी निघून जाते. दगडगोट्यांच्या चढावर बटनाची कड दगडाला धरते, टायरची जाड बाजू कापली जात नाही. डोंगराकडच्या वाड्या-वस्त्यांवरील सभासदांनी असा टायर घेतला तर आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. त्यांच्यासाठी पुढे चार शब्द लिहिले आहेत.

काळ्या रानातला सभासद म्हणतो, “साहेब, आडसालीची लागण जुलै-ऑगस्टात. तेव्हाच पाऊस. बेणं रानात न्यायचं कसं?” प्रश्न रास्त आहे. दोन डोळ्यांच्या टिपरीने लागण केली तर एकरी दहा हजारांच्या घरात टिपरी लागते. डोक्यावरून वाहून नेणे आताच्या मजुरीत परवडत नाही. म्हणून गाडी थेट सरीच्या तोंडाशी नव्हे, सरीतच घालण्याचा मोह होतो, आणि बटनाचा टायर हा मोह वाढवतो. गेल्या पावसाळ्यात एका गटात असेच झाले. नवे टायर आहेत या भरवशावर बेण्याने भरलेली पिकअप वाफसा नसलेल्या रानात घातली. वीस-पंचवीस फूट गेली आणि एक्सलपर्यंत बसली. बेणे उतरले, ट्रॅक्टर बोलावला, ट्रॅक्टरने ओढताना चार सऱ्या मोडल्या. साधा टायर असता तर गाडी बांधाजवळच अडकली असती आणि चार माणसांनी ढकलून काढली असती. दात असलेला टायर आधी तुम्हाला आत नेतो आणि मग अडकवतो. फिरत्या चाकाची बटने खालची माती उकरून काढतात, चाकोरी खोल होते, मागच्या एक्सलचा मधला फुगीर भाग जमिनीला टेकतो, आणि एकदा गाडी पोटावर बसली की चाकाला कसलीही नक्षी असो, ते नुसते हवेत गरगरते.

वाफसा हा आपल्या भाषेतला फार मोलाचा शब्द आहे. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, टाकला तर फुटावा, हाताला चिकटू नये. ज्या रानात औत घालायला वाफसा नाही त्या रानात पिकअप घालायलाही नाही, एवढी साधी ही गोष्ट. आमचे थोरले लोक औताच्या बाबतीत ती कसोशीने पाळत. गाडीच्या बाबतीत ती कोणी पाळत नाही, कारण गाडी म्हणजे औत नव्हे असा समज.

पण जमिनीला ते कळत नाही. इथे एक हिशेब मुद्दाम देतो. रबरी टायरखाली जमिनीवर जो दाब पडतो तो ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये १२ ते १६ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो. पिकअपच्या मागच्या टायरमध्ये ५० पौंड धरले तरी साडेतीन किलो. दिसायला ट्रॅक्टर अवजड आणि पिकअप हलकी. पण मातीच्या वरच्या थराला पिकअपचा टायर साडेतीन पटीने जास्त चेपतो. बटने असतील तर ओझे सगळ्या पृष्ठावर न पडता बटनांच्या टोकांवर पडते. ओल्या मातीत हे चेपणे सर्वांत वाईट, आणि बरेचसे नुकसान पहिल्याच फेरीत होऊन जाते. “एकदाच तर नेली गाडी,” असे सभासद सांगतात तेव्हा आम्हाला म्हणूनच बरे वाटत नाही.

चेपलेल्या पट्ट्यात काय होते ते तुम्ही स्वतः बघू शकता. ऊस गुडघ्याएवढा झाला की बांधावर उभे राहून पाहा. जिथून गाडी गेली तिथली दोन तास पिवळट आणि बुटकी दिसतात. उसाच्या बहुतेक मुळ्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात. तिथली हवाच बंद केली तर वर खताच्या कितीही गोण्या ओतल्या तरी मुळी ते घेणार कशी? खोडव्यात तर याहून वाईट. नवीन फुटवे जमिनीलगतच्या डोळ्यांतून येतात, चाक त्यांच्यावरून गेले की ठोंब मोडतो, आणि मोडलेला ठोंब म्हणजे तुटाळ. आपण बगला फोडा, बगला फोडा म्हणून दरवर्षी सांगतो ते घट्ट झालेली माती मोकळी व्हावी आणि नव्या मुळ्यांना वाट मिळावी म्हणून. एका हाताने बगला फोडायच्या आणि दुसऱ्या हाताने त्याच बगलेत पिकअप घालायची, हे कसले गणित?

इथे सभासद आम्हाला अडवतील, आणि अडवावेच. तोडणीच्या वेळी कारखान्याच्या कराराची वाहने, उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, दहा टायरचे ट्रक फडात येतात, त्यांचे काय? पिकअपला बोलता, त्यांना का नाही? बोलणे बरोबर आहे. ओझ्याच्या मानाने त्यांनी होणारे नुकसान जास्त खोल जाते; वरचा थर हवेच्या दाबाने चेपतो, खालचा थर एकूण वजनाने. फडातून जाण्या-येण्याची वाट एकच ठेवावी, भरणी शक्य तिथे बांधाकडेला करावी, पाऊस पडून गेल्यावर वाफसा येईपर्यंत त्या फडाची तोड थांबवावी, असे आमचे मत आम्ही शेतकी खात्याच्या बैठकीत मांडत आलो आहोत आणि इथेही मांडतो. परंतु ते वाहन वर्षातून एकदा येते. घरची पिकअप वर्षभर येते.

तोडणीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. कोयत्याने ऊस तिरका आणि उंच तोडला की जो बुडखा राहतो तो सुळासारखा असतो. पिकअपच्या टायरच्या बाजूत तो घुसला तर टायर कायमचा गेला, कारण बाजूच्या फाटीला भरवशाचे पंक्चर निघत नाही. जाड बाजूचा डोंगरी टायर घेण्याचे एक कारण सभासद हेच सांगतात. पण बुडखे जमिनीलगत छाटून घेतले तर टायरही वाचतो आणि खोडव्याचे फुटवेही जोमदार जमिनीखालून येतात. एका कामात दोन कामे.

रस्त्याकडे वळू. पिकअप दिवसाला शंभर किलोमीटर धावली तर त्यातले रान आणि पाणंद मिळून किती? दोन, फार तर तीन. उरलेला सगळा डांबर नाहीतर काँक्रीट. बटनाच्या टायरचे रबर रस्त्याला कमी टेकते, खाचा जास्त. ओल्या डांबरावर ब्रेक मारला तर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. हौद्यात माल असो वा नसो, पावसाळ्यात घाटउतारावर किंवा गावच्या चौकात हे अंतर फार महत्त्वाचे. डिझेल थोडे जास्त जाते, कारण बटने प्रत्येक फेरीला वाकतात. टायर लवकर झिजतो, आणि अलाइनमेंट बिघडली असेल तर बटने करवतीसारखी एकाच बाजूने कापली जातात. आणि ज्याचा विचार आपल्यापैकी कोणीच करत नाही ते सांगतो: रानातून निघालेली ही गाडी खाचांमध्ये भरलेला चिखल घेऊन डांबरी रस्त्यावर येते आणि वेग घेतला की तो पहिल्या दोन फर्लांगांत सांडत जाते. त्यावर पावसाची एक सर आली की मागून येणारा मोटरसायकलवाला घसरतो. मागे पोर बसलेले असते, कधी शाळेला निघालेली बाई असते. रस्त्याला लागण्यापूर्वी चाकांवरचा चिखल काठीने काढण्याला पाच मिनिटे लागतात. ती काढावीत, टायर कसलाही असो.

पैशांचा हिशेब आम्ही सांगावा असे नाही, उसाचा हिशेब पै-पैने मांडणारे आपण लोक. तरी रीत सांगतो. टायरची किंमत भागिले तो किती किलोमीटर चालतो, एवढेच. समजा एक टायर ७,००० रुपयांचा आणि चालला ७०,००० किलोमीटर. किलोमीटरला १० पैसे पडले. दुसरा १०,००० रुपयांचा आणि चालला ४०,०००; २५ पैसे पडले. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, आपापल्या गाडीचे आकडे आपण वहीत लिहावेत. त्याच वहीत आणखी एक रकाना काढावा: वर्षातून किती दिवस गाडी खरोखर चिखलात अडकली. आम्ही ज्यांना ज्यांना हे विचारले त्यांनी आधी “लई येळा” म्हटले आणि मग बोटे मोजायला लागले तेव्हा दोन हात पुरले.

आता ज्यांना असा टायर खरोखर हवा आहे, डोंगराकडचे आणि खडकाळ वाटेचे सभासद, त्यांच्यासाठी. दुकानात गेल्यावर नक्षी सर्वांत शेवटी बघावी. आधी बघावा तो ओझ्याचा अंक. टायरच्या बाजूवर मापाच्या शेजारी तो छापलेला असतो. १०० हा अंक म्हणजे एका टायरने ८०० किलो पेलायचे. १०५ म्हणजे ९२५ किलो. ११२ म्हणजे ११२० किलो. पिकअपमध्ये माल भरला की जवळजवळ सगळे वाढीव ओझे मागच्या दोन चाकांवर जाते. समजा १३०० किलो बेणे भरले. गाडीचे मागचे स्वतःचे वजन धरून मागच्या एक्सलवर दोन हजार किलोच्या आसपास आले. ११२ अंकाचे दोन टायर २२४० किलो पेलतात, निभावले. १०० अंकाचे दोन टायर १६०० किलोच पेलतात. पुष्कळसे देखणे डोंगरी टायर हे माणसे नेणाऱ्या जीपगाड्यांसाठी केलेले असतात, त्यांचा अंक मालगाडीच्या टायरपेक्षा कमी असतो. तसला टायर पिकअपला मागे घातला तर तो उन्हाळ्यात, भरल्या गाडीत, भर रस्त्यात फुटतो. आणि मागचा टायर फुटला की हौदा गाडीला कुठे नेईल ते सांगता येत नाही. कंपनीने आपल्या गाडीला जो अंक दिला आहे, त्याच्या खाली कदापि जाऊ नये. हौद्यात मजूर बसवून नेण्याची आपल्याकडे जी वाईट सवय आहे ती तर कोणत्याच टायरवर नको.

दुसरे, माप वाढवू नये. ‘२१५/७५ आर १५’ च्या जागी ‘२३५/७५ आर १५’ बसवला की टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटरवरून ७३४ वर जातो. गाडी उचलली जाते ती यातली निम्मी, म्हणजे १५ मिलिमीटर, बोटाच्या रुंदीएवढी. त्याबदल्यात काय जाते बघा. काट्यावर ६० दिसते तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते. चाकाची ओढ चार टक्क्यांनी घटते, म्हणजे ज्या चढासाठी टायर बदलला त्याच चढावर गाडी दमते. पुढचे चाक पूर्ण वळवले की मडगार्डला घासते. आणि मोठी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत बसत नाही, मग ती हौद्यात माल खाऊन बसते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. पासिंगला अडचण आली आणि अपघातानंतर विमा कंपनीने बोट ठेवले, तर तिथे टायरचा दुकानदार आपल्या बाजूने बोलायला येणार नाही.

तिसरे, चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण एकाच झिजेचे ठेवावेत, नाहीतर गिअरवर ताण येतो. मागच्या दोन चाकांवर चालणारी असेल तर पुढे उभ्या कड्यांचा आणि मागे मध्यम बटनांचा टायर ही मालगाड्यांची जुनी रीत चांगली आहे. मध्यम म्हणजे मधोमध सलग पट्टा आणि कडेला बटने. रस्त्यावर पट्टा काम करतो, मातीत कडा.

चौथे, टायर कधीचा आहे ते बघावे. बाजूवर चार आकडे असतात. २३२४ असे असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तो बनला. गोदामात वर्षानुवर्षे पडलेला टायर ‘घसघशीत सूट’ म्हणून गळ्यात मारला जातो. आणि हवा. रिकामी गाडी ओल्या मातीत अडकलीच तर मागच्या टायरची हवा वीस-पंचवीस पौंडांवर आणावी, टायर पसरतो आणि गाडी पुष्कळदा निघते. ही युक्ती कोणत्याही नव्या टायरपेक्षा स्वस्त. मात्र सोबत हवा भरायचा पंप हवाच, आणि रस्त्याला लागण्याआधी हवा पूर्ववत केली पाहिजे. भरल्या गाडीची हवा कधीही सोडू नये.

इतके लिहिल्यावर पाणंदीकडे येतो, कारण एवढा सगळा खटाटोप सभासद करतो तो शेवटी पाणंदीच्या त्या दोन-तीनशे फुटांसाठी. प्रत्येक पाणंदीत असा एक तुकडा असतो. सगळ्यांना ठाऊक असतो. वरच्या रानाचे पाणी तिथे उतरते, चर बुजलेले असतात, दोन्ही बाजूंचे बांध पाणंदीत सरकलेले असतात. एक सभासद बटनाचे टायर घालून त्यातून जोरात गाडी काढतो, चाकोरी एक वीतभर खोल होते. दुसऱ्या दिवशी दूध घालायला निघालेली मोटरसायकल तिथे पडते, तिसऱ्या दिवशी बैलगाडी अडते. चौथ्या सभासदाला वाटते आपणही तसलेच टायर घ्यावेत. अशा रीतीने एका पाणंदीवरचे दहा जण दहा ठिकाणी पैसे घालतात आणि पाणंद दरवर्षी आणखी बिघडते. ज्या लोकांनी शेअरचे पैसे गोळा करून कारखाना उभा केला, त्यांची मुले तीनशे फुटांसाठी एकत्र येत नाहीत, याचे आम्हाला वाईट वाटते.

तीनशे फूट लांब, दहा फूट रुंद, सहा इंच जाड थर म्हणजे पंधराशे घनफूट, बरोबर पंधरा ब्रास. दाबल्यावर बसतो म्हणून थोडा जास्त धरावा. मुरूम थेट काळ्या मातीवर टाकला तर पहिल्याच पावसात गडप होतो. खाली दगडगोट्यांचा थर हवा, मग मुरूम, मध्ये उंची, दोन्ही बाजूंना चर, आणि पाणी आडवे जाते तिथे एक नळा. चर आधी, मुरूम नंतर. पाणी काढून दिले तर निम्मे काम मुरमाशिवायच होते. एप्रिल-मे हा त्याचा काळ. जूनमध्ये चर्चा करून काही होत नाही. मुरमासाठी तहसीलची परवानगी आधी घ्यावी. दहा गाडीवाल्यांनी चार-चार डोंगरी टायरच्या जादा किमतीएवढी वर्गणी काढली तर हे काम होते किंवा फार थोडे कमी पडते, हिशेब करून पाहावा.

शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली होती. सध्या अशा कामासाठी कोणत्या योजनेतून काय मिळते ते ग्रामसेवक व तहसील कार्यालयात विचारावे. वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ प्रमाणे बांधावरून ती मागता येते. पण भावकीतल्या वाटेला शक्यतो अर्जाची वेळ येऊ देऊ नये. एकदा कागद झाला की पुढच्या पिढीपर्यंत बोलणे बंद होते, हे आम्ही शिवारात पाहतो.

आमच्या खात्यापुरते आम्ही असे करू इच्छितो. ज्या पाणंदीचा असा तुकडा बिघडलेला आहे, तिच्यावरील निदान पाच सभासदांनी मिळून गट कार्यालयात एक चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत पाणंदीचे नाव, पाणी कुठून येते आणि कुठे साचते, त्या वाटेने किती एकर ऊस बाहेर पडतो, एवढे लिहावे. चिठ्ठ्या मार्चअखेर आल्या तर एप्रिलमध्ये आमचा माणूस चर कुठून काढावा याची आखणी करून देईल, आणि पुढच्या हंगामाचा तोडणी कार्यक्रम लावताना त्या वाटेचा विचार करता येईल. मुरमाची वर्गणी सभासदांनी आपसात करावी, त्यात कारखान्याचा माणूस पैसे हाताळणार नाही. चिठ्ठीवर जमिनीचे गट नंबर आणि सभासद क्रमांक दोन्ही लिहावेत. गेल्या वेळी बांधाच्या अर्जांवर ते नव्हते आणि निम्मे अर्ज कुणाचे ते शोधण्यातच आठवडा गेला.